चारुदत्तरावांच्या बिनकराच्या गाडीची कैफियत

कुलस्वामिनीचे स्मरण करून, सिंगापूर बेटी, बुकित पंजांग प्रांती, शके एकोणीसशे एकोणतीस, सर्वजित नाम संवत्सरी जो प्रसंग गुजरला तो जैसा पाहिला, जैसा ऐकिला, तैसा लिहितो. पदरचे काही घातले नाही. घातले असल्यास शोभेपुरते.

राजश्री चारुदत्तराव, बँकेतील हिशेबतपासनीस, मूळ सातारकर, बेटावर चौदा वर्षे नांदत होते, आणि कुटुंब साधनाबाई व कन्या ऋग्वेदा यांसह नागरिकत्वाचा अर्ज सरकारी दाखल करून उत्तराची वाट पाहत होते. इतक्यात देशीहून वर्तमान आले की वडिलांचे हृदय उघडून शस्त्रक्रिया करणे प्राप्त आहे. मग राव तातडीने कूच करून गेले आणि तीन मास वडिलांचे उशाशी राहिले. इकडे त्यांची जुनी निळी गाडी काँडोच्या, म्हणजे ते राहत त्या कुंपणबंद गृहसंकुलाच्या, आतील रस्त्यावर, झाडाखाली, बॅटरी गतप्राण होऊन उभी, आणि तशातच तिच्या रोड टॅक्सची मुदत सरली. राव परतून पाहतात तो पत्रपेटीत वाहन खात्याचा खलिता. कर न भरिता गाडी रस्त्यावर ठेविली, सबब दंड भरावा, न भरल्यास कोर्टी रुजू व्हावे, ऐसे फर्मान.

साधनाबाईंनी मसलत दिली की भरून मोकळे व्हावे. कन्येने त्या मुलखाचे रीतीने अर्जी केली, "जस्ट पे लाह, बाबा." परंतु रावांचे मस्तकी तिडीक गेली.

"दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे! नागरिकत्वाच्या अर्जात गुन्ह्याचा रकाना आहे. तिथे मी काय लिहू? आणि रस्ता त्यांचा आहे कुठे? फाटकाच्या आतला आहे!"

ऐसा रकाना होता की नव्हता, हे कोणी तपासिले नाही. रावांचा आवाज मोठा होता.

मग रावांनी चौदा पानी अर्ज रचिला, त्यास वडिलांच्या इस्पितळाचे कागद, विमानाची तिकिटे आणि झाडाचे छायाचित्र जोडिले, आणि रवाना केला. ज्या राज्यात पत्रास उत्तर तिसरे दिवशी येते, त्या राज्यात नकारही तिसरेच दिवशी येतो. आपल्या अडचणीची नोंद घेतली, दंड कायम, ऐशा दोन ओळी आल्या. मग राव जातीने कचेरीवर चालून गेले, नंबराची चिठ्ठी घेऊन दोन प्रहर बसले, आणि खिडकीतील बाईंनी हुकूम दिला की आतील रस्ता जनतेस खुला नाही ऐसा काँडो कमिटीचा दाखला आणावा, मग फेरविचार होईल.

कमिटीचे सेक्रेटरी राजश्री विक्रांतराव, रावांचे शेजारी आणि गणेशोत्सवातले सोबती. समोरच्या सरकारी घरांच्या इमारतींतील पोरे शाळेस जाताना आतून वाट काढीत, म्हणोन फाटकावर "खाजगी मालमत्ता, परक्यांस मज्जाव" ऐसा फलक याच विक्रांतरावांनी ठोकविला होता. आता दाखला मागता ते म्हणाले की रस्ता खाजगी की सार्वजनिक, हा प्रश्न नाजूक आहे, बैठक भरवावी लागेल. तीन वेळा बैठक बोलाविली आणि तिन्ही वेळा माणसे भरली नाहीत. रावांचे अन्नावरचे चित्त उडाले. साताऱ्याहून वडील फोनवर पुसत, "माझ्यापायी तुझं तिकडे काही अडलं नाही ना?" आणि राव सांगत, "छे, काही नाही." मग फोन ठेवून बराच वेळ गॅलरीत उभे राहत आणि खाली गाडीकडे पाहत.

ते साधनाबाईंस पाहवेना. एके सकाळी बाजारास निघाल्या असता त्या फाटकापाशी थांबल्या आणि पहारेकरी गोह अंकल यांस पुसिले की गाडी तपासणारा अंमलदार आत शिरला कैसा.

"साइन केल्याशिवाय नो एंट्री, मॅडम," अंकल म्हणाले. "त्यालासुद्धा दहा मिनिटं उभं केलं. मग मिस्टर विक्रांत खाली आले. त्यांनीच बोलावलं होतं. गाडी पण त्यांनीच दाखवली."

अंकलांनी वही उघडून दाखविली. अंमलदाराची सही, वेळ, आणि 'कोणाकडे आले' या रकान्यात विक्रांतरावांचा घरनंबर. साधनाबाईंनी पानाची नक्कल काढविली आणि बाजार तैसाच सोडून थेट विक्रांतरावांचे दारी गेल्या.

विक्रांतराव पान पाहोन पांढरे पडले. "वहिनी, गाडी फार दिवस उभी होती... वर पालापाचोळा... काँडोची शोभा जात होती..."

"खरं आहे, भावोजी. मग दाखला कधी देताय?"

एका तासात दाखला आला. बैठक नाही, ठराव नाही, परंतु शिक्का दोनदा मारिलेला. नक्कल मात्र बाईंनी आपले कपाटी ठेविली आणि रावांस काही कळू दिले नाही, कारण बेटावर मराठी घरे मोजकी, आणि रावांचा संताप चौदा पानांचा.

रावांनी दाखला आणि फलकाचे छायाचित्र कचेरीत गुदरिले. आठवडा न लोटता फर्मान आले की विशेष बाब म्हणोन दंड मागे घेतला आहे, मात्र कर भरल्याविना गाडी फाटकाबाहेर काढू नये. "विशेष बाब" या दोन शब्दांवर राव दोन दिवस संतापले, तिसरे दिवशी त्यांनी साताऱ्यास फोन केला, वडिलांस प्रथमपासोन सर्व हकीकत सांगितली, आणि पलीकडून वडील हसले तेव्हा रावांचे डोळे भरले.

मग विजयाचे भोजन जाहले. रावांनी भरल्या पंक्तीत विक्रांतरावांस शाल पांघरिली आणि म्हणाले की दोस्त असावा तर ऐसा. साधनाबाई श्रीखंडाचे पातेले घेऊन आल्या आणि विक्रांतरावांचे पानात तिसऱ्यांदा वाढू लागल्या.

"संकोच करू नका, भावोजी. तुमच्यामुळेच तर झालं हे सगळं."

विक्रांतरावांनी मान खाली घालून पान स्वच्छ केले.

येणेप्रमाणे रस्ता खाजगी ठरला, दंड उठला, मोहीम फत्ते जाहली, आणि जेते राजश्री चारुदत्तराव ऐसे दप्तरी दाखल केले. खरे कोण जिंकले, ते बखरीत लिहिण्याची चाल नाही.