दिगंबरभाऊचे डब्बे

दिगंबरभाऊ देशपांडे एकेकाला नमस्कार करत नाही. चहाच्या टपरीवर येतो, बाकड्यांवरून नजर फिरवतो आणि म्हणतो, "राठोड असतील त्यांना राम राम, उरलेल्यांना नमस्कार!" झालं. त्याच्या हिशेबानं सारा तांडा एका झटक्यात उरकला.

पोटासाठी तो कॉम्प्युटरवर आकडेमोडीचे प्रोग्राम लिहितो. पुण्याची नोकरी सोडून घाटंजीजवळ आमच्या तांड्याला लागून एकट्यानं घर बांधलं. काहून, ते कोणाला माहीत नाही. मी दुसरीपर्यंत शिकलेला, पण न समजता मान हलवणं माझ्या रक्तात नाही. त्याच्या पडद्यावर आमच्या तांड्याच्या नावांची यादी दिसली, तेव्हा सरळ विचारलं, "आकड्यायच्या मशिनीत नावं कायले कोंबता?"

भाऊची कळी खुलली. "काकाजी, नावं एका मापाच्या डब्ब्यांत रांगेनं ठेवायची. मग एकच हुकूम! मागची-पुढची रिकामी जागा छाट म्हटलं, का साऱ्याच नावांची छाटते. राठोड कोण म्हटलं, का हरेक डब्बा हो का नाही ते सांगते. एकेकाच्या दारी कोण जाते?"

"बैलामागच्या डवऱ्यासारखं," मी म्हणालो. "एका फेरीत साऱ्या तासातलं तण साफ."

तो एवढा खूश झाला की मला बसवून भुईमुगाच्या शेंगा दिल्या. त्या मात्र एकेक सोलाव्या लागतात म्हणून स्वतःच चिडला.

यंदा कापसाची गाडी कोणी कधी आणायची, हा निरोप त्याच्याच प्रोग्राममधून आमच्या मोबाइलवर यायचा. माझा आला. गाडी घेऊन खरेदी केंद्रावर गेलो, तर फाटकावरचा माणूस म्हणतो, "हे नाव सातबाऱ्याशी जुळत नाही. पाचच्या आत दुरुस्त करून आणा, नाही तं नंबर गेला." निरोपात होतं, 'परसराम लालसिं'. गाडी गाडीवानाच्या हवाली करून मी तसाच तांड्यावर परतलो.

"माह्या बापाले मधातून कापलं तुम्ही!" मी दारातूनच ओरडलो.

त्यानं निरोप वाचला आणि नावाची अक्षरं बोटानं मोजली. "डब्बा लहान पडला, काकाजी. पहिल्या यादीत जे सगळ्यात लांब नाव, त्याच मापाचे सारे डब्बे. तुमचं नाव यादीत नंतर टाकलं. मावलं तेवढं ठेवलं, बाकी उडवलं. मशीन ओरडत पण नाही."

"माह्या आजाची लदेणी होती. बैलाच्या पाठीवर मीठ जाये. गोण्या साऱ्या सारख्या. पण मीठ उरलं तं मोठ्या गोण्या शिवत, रस्त्यावर नाही सांडत!"

"शिवतो, मोठ्याच शिवतो. पण कापलेलं परत येत नाही. नाव सांगा पुन्हा."

"परसराम लालसिंग राठोड," मी सांगितलं. बाप जरा जोरात सांगितला.

त्यानं डब्बे रुंद केले, कापलेली सगळी नावं हुडकली, ज्याची त्याला फोनवर विचारून पुन्हा भरली. नवा निरोप माझ्या मोबाइलवर आला आणि केंद्राच्या फाटकावरही गेला. थोड्या वेळानं गाडीवानाचा फोन आला, गाडी आत घेतली.

मी उठलो. "खिचडी टाकली आहे, बसा," तो म्हणाला. दुसरी ताटली फडताळातून काढली, तिच्यावर धूळ होती. धुऊन, पुसून माझ्यासमोर ठेवली. जेवण होईतो रांगेचं, डब्ब्याचं काही बोलला नाही. मी चपला घालायला लागलो, तेव्हा भिंतीकडे पाहत म्हणाला, "काकाजी, उद्या काही कापलं नाही, तरी या."

मी हो म्हटलं नाही. बोलावलं की धावत सुटणारं आमचं घराणं नाही.

दुसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं, "त्या देशपांड्याशी भांडून येतो," आणि निघालो. तिनं न विचारता डब्ब्यात ठेचा बांधून दिला.