आकसणारी टोपी

"टोपी काय चीज आहे, वासंतीताई? मी बत्तीस वर्षांपासून अडीच-अडीच टनांच्या भागांचे पॅटर्न बनवून राहिलो. रंगीत तालमीला टोपी तुमच्या हातात."

भिलाईच्या मराठी मंडळाच्या खोलीत शालिकरामभाऊ भोयर हे इतक्या ठामपणे बोलले की चहा पिणारे क्षणभर थांबले. पोलादाच्या प्लान्टमधल्या पॅटर्न शॉपात ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करणारा हा माणूस एकोणीस वर्षं मंडळाच्या नाटकाचा पडदा ओढत होता. रंगमंचावर तोंड उघडायची संधी त्यांना एकदाही मिळाली नव्हती. यंदा वासंतीताईंनी नागपूरच्या भोसल्यांच्या दरबारावर नाटक बसवलं होतं, आणि त्यात इंग्रज कॅप्टनसाहेबाला एक वाक्य होतं. गेल्या वर्षीच्या नाटकातला साहेब क्रिकेटच्या पंचाची टोपी घालून आला होता आणि प्रेक्षक 'आऊट द्या' म्हणून ओरडले होते. म्हणून ताईंनी जाहीर करून टाकलं होतं, जो त्या काळची टोपी आणील तो कॅप्टन.

शालिकरामभाऊंनी मोबाइलवरची चित्रं पुढे केली.

"ही पाहा, पीसवाली."

"ही शंभर वर्षं आधीची, भाऊ. आपलं नाटक सतराशे ऐंशीचं आहे," नेहरू नगरच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या.

"मग ही, वाडग्यासारखी?"

"ती पुढं पाऊणशे वर्षांनी आली. ही घ्या. काठ तीन बाजूंनी वर दुमडलेला, तीन कोनांची. आणि एक लक्षात ठेवा, राजांपुढं कॅप्टन टोपी काढतो, बगलेत धरतो, वाकतो आणि मग बोलतो."

सेक्टर दोनच्या क्वार्टरात पोचेपर्यंत भाऊ रस्ताभर वाकत आले. 'महाराज, कंपनी सरकारचा हा नजराणा स्वीकारावा.' स्कूटर चालवताना माणसानं वाकू नये, हे त्यांना एका बसवाल्यानं सांगितलं.

लोकर दाबून केलेलं जाड राखाडी फेल्ट आणलं. ते गरम पाण्यात भिजवायचं, डोक्याच्या आकाराच्या कशावर तरी ताणायचं आणि वाळवायचं, एवढी कृती त्यांनी पाठ केली. आता डोक्याच्या आकाराचं काय? प्लान्टवाल्याच्या घरात ते दाराशीच टांगलेलं असतं. त्यांनी आपलं पिवळं हेल्मेट उतरवून टेबलावर ठेवलं.

"अजी, हेल्मेट त डोक्यापेक्षा मोठं रायते ना?" त्यांच्या पत्नी मथुराबाई म्हणाल्या.

"हे हेल्मेट मले बत्तीस वर्षांपासून बरोबर बसते. मग त्याच्यावरची टोपी कावून नाही बसणार?"

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण पॅटर्न शॉपचा माणूस. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न नेहमी थोडा मोठा करायचा, हे त्यांच्या हाडांत भिनलेलं. लोखंड शंभराला दोन आकसतं, मग लोकर दहा तरी आकसणारच. त्यांनी हेल्मेटवर टॉवेल गुंडाळला आणि त्यावर फेल्ट ताणलं. मथुराबाईंच्या सुती साड्यांसाठी केलेली सगळी खळ वर ओतली, काठ तीन बाजूंनी दुमडून टाचले आणि सगळं गच्चीवर उन्हात ठेवलं.

टोपी वाळली. पाटासारखी कडक झाली. आकसली मात्र नाही.

रंगीत तालमीला, म्हणजे प्रयोगाच्या आदल्या दिवशी, त्यांनी ती डोक्यावर ठेवली आणि ती थेट मिशीवर येऊन थांबली.

"भाऊ, तुम्ही आत आहात ना?" वासंतीताईंनी विचारलं.

"आहो," टोपीतून आवाज आला.

दुसरी टोपी करायला वेळ नव्हता. भूमिका हातची जाते की काय, या धास्तीनं शालिकरामभाऊ टोपी दोन्ही हातांनी मागं रेटून बघत राहिले. शेवटी तालीम बघायला आलेली त्यांची मुलगी दामिनीच म्हणाली, "बाबा, सिंपल है. जिसपर बनाया, वही अंदर पहन लो." हेल्मेट, त्यावर टॉवेल, त्यावर टोपी. एकदम फिट्ट. डोकं जरा रांजणाएवढं दिसत होतं, पण साहेबच दिसत होता.

"फक्त टोपी काढू नका," ताईंनी दहा वेळा बजावलं. "नुसता काठाला हात लावा."

"समजलं, ताई."

समजलं होतं. पण पंधरा दिवस आरशापुढं केलेली सवय हाताला कोण समजावणार?

प्रयोगाला हॉल गच्च भरला. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे होते प्लान्टच्या सेफ्टी विभागाचे अरुणकुमार. कॅप्टन ऐटीत आला, राजांपुढं उभा राहिला आणि त्यानं झोकात टोपी काढून बगलेत धरली. टॉवेल टोपीबरोबर गेला. हेल्मेट जागचं हललं नाही, कारण सवयीनं त्याचा हनुवटीचा पट्टाही लावलेला होता.

सतराशे ऐंशीच्या दरबारात ते पिवळं हेल्मेट लख्ख चमकलं. अर्धा हॉल प्लान्टचा, त्यामुळे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. हसण्याचा असा गडगडाट झाला की राजे झालेल्या सुमंतनं शेल्यात तोंड लपवलं. शालिकरामभाऊंनी घाबरून समोर पाहिलं, तर अरुणकुमार रोखून हेल्मेटकडे बघत होते. ती तपासणीची नजर त्यांच्या ओळखीची होती. त्या नजरेला काय उत्तर द्यायचं, ते बत्तीस वर्षांत जिभेवर बसलेलं होतं.

"भोयर, पॅटर्न शॉप, सर," कॅप्टन कडक उभा राहून म्हणाला. "पट्टा लावला आहे."

एकोणीस वर्षांनी मिळालेलं वाक्य ते हे. खरं वाक्य राहूनच गेलं. अरुणकुमारांनी भाषणात कॅप्टनच्या शिस्तीचं कौतुक केलं, तेव्हा भाऊ पडद्याची दोरी धरून उभे होते आणि त्यांना खूप वाईट वाटत होतं.

आठ दिवसांनी मथुराबाईंनी खळ जावी म्हणून टोपी गरम पाण्यात घालून, साबण लावून, चांगली घसाघसा धुतली. वाळल्यावर भाऊंनी उगाच डोक्यावर ठेवली. ती कपाळावर, भुवयांच्या बरोबर दोन बोटं वर, अलगद बसली.

"मथुरा, हे पाय! म्हटलं होतं ना तुले, लोकर आकसते म्हणून?"

"आकसली ना. आठ दिवस उशिरानं."

पण ते ऐकत नव्हते. त्यांनी झोकात टोपी काढली, बगलेत धरली, कमरेत वाकले आणि एकही शब्द न चुकता म्हणाले, "महाराज, कंपनी सरकारचा हा नजराणा स्वीकारावा."

मथुराबाईंनी ओल्या कपड्यांची बादली त्यांच्या हातात दिली.

"स्वीकारला. आता हे वाळू घाला."