बहिरा मुकादम

मगदूम सरांच्या प्रयोगशाळेत मी डासांचं मशीन लावलं. शनिवारी दुपारी लावलं, सोमवारी सकाळी काढलं. एकही डास मेला नाही, कारण तिथं डास नव्हतेच. माश्या होत्या. सरांनी अकरा वर्षं पोसलेल्या.

मी त्याच कॉलेजात कारकून. माझं टेबल आणि सरांची प्रयोगशाळा यांच्यात एक पातळ भिंत, आणि भिंतीपलीकडून येणारा गुळाचा वास. सर माश्यांसाठी मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट घालून खळ शिजवायचे. गूळ स्वतः चाखून आणायचे. "माझ्या पोटात जाणार न्हाय, म्हणून काय बी घालू व्हय?" माश्यांतल्या चार-दोन पळून माझ्या केळ्यावर बसायच्या. मी ओरडायचो, "सर, तुमची चिलटं आल्यात." पलीकडून उत्तर यायचं, "चिलट म्हणू नकोस, पोवार. माशी म्हण. तुझ्यापरास जास्त काम करती ती."

जैनाच्या घरात जन्मून हा माणूस माश्यांना बुरशी टोचायचा. त्यांची आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, "ह्यापरास भांड्याचं दुकान काढायचास." म्हणून की काय, पर्युषण संपून क्षमा मागायचा दिवस, क्षमावणी, आली की सर बाटल्यांच्या एकेका रांगेसमोर हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचे. मी दारातून बघून हसायचो.

टोचून बघायचं काय, तर मुकादम. पुस्तकात त्याला प्रतिलेखन घटक म्हणतात म्हणे, पण सरांच्या तोंडी मुकादमच. "पेशीच्या दाराशी बांधलेला असतोय गडी. हाळी आली की दावं तोडून आत शिरतोय, डीएनएतली नेमकी पानं उघडतोय आणि म्हणतोय, ह्ये वाचा, लागा कामाला." आणि एकाच मुकादमाकडं दोन कामं. माशी अंड्यात असताना पाठ कुठली नि पोट कुठलं, हे तोच ठरवणार. मोठेपणी बुरशी लागली की लढायला गडीही तोच लावणार.

सरांकडं एक वाण होतं, त्यातला मुकादम बहिरा. अंड्यातलं काम चोख. पाठ पाठीच्या जागी, पोट पोटाच्या. मोठेपणी मात्र कितीही हाळी द्या, जागचा हलत नसे. माशी मुकाट मरायची. "वाढवताना काय कमी पडलं न्हाय बघ," सर बाटली उजेडात धरून म्हणायचे. "मग ऐकू का येत न्हाय?"

यंदा त्या वाणातल्या काही माश्या बुरशी लागूनही जगल्या. सरांनी त्यांची बाटली वेगळी काढली. "ह्यांच्या पोरास्नी बी ऐकू आलं, की मी सुटलो."

दर पंधरवड्याला माश्या नव्या बाटलीत घालाव्या लागतात, म्हणून सर कोल्हापूर सोडत नसत. मुलाचं लग्न अमेरिकेत झालं, तेव्हाही "माश्या कुणावर सोपवू?" म्हणाले. बोलावणं आलं होतं का, ते आम्ही कुणी विचारलं नाही.

तो मुलगा कामासाठी दोन दिवस पुण्यात येणार होता. त्याला भेटायला निघताना सरांनी मला किल्ली दिली. "दार लावून ठेव. बाकी कायसुदीक करू नकोस."

काहीही न करणं हा माझा तीस वर्षांचा अनुभव. नेमका त्या दिवशी तो कामाला आला नाही. खोलीत काहीतरी गुणगुणलं. सरांना डेंगी नको, असा कळवळा आला, आणि मी घरचं मशीन आणून लावलं.

सोमवारी सर आले. हातात भडंगाची पिशवी, मुलासाठी मुद्दाम बिनलसणाचं करून घेतलेलं. गाठ नेली तशीच.

"भेट झाली?"

"मिटिंग लांबली त्येची."

मग त्यांनी हवेत वास घेतला. एकेक बाटली उचलली. कापसाचे बोळे जागच्या जागी, आणि खाली खळीवर तीळ सांडावेत तशा माश्या. वेगळी काढलेली बाटली त्यांनी शेवटी उचलली. वाणाला नंबर असतो, अशी माझी समजूत होती. लेबलावर सरांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सन्मती'. सरांच्या मुलाच्या लग्नाचे पेढे आले होते, तेव्हा पुड्यावर नवरदेवाचं म्हणून हेच नाव होतं.

त्याच आठवड्यात क्षमावणी आली. सर धुऊन पालथ्या घातलेल्या बाटल्यांसमोर उभे होते, सवयीनं. यंदा मी हसलो नाही. शेजारी जाऊन हात जोडले आणि म्हणालो, "उत्तम क्षमा, सर."

 सरांनी भडंगाची गाठ सोडली आणि मूठभर माझ्यापुढं कागदावर ओतलं.

"तीस वर्षं हापिसात बसून माश्या मारल्यास, पोवार," ते म्हणाले. "तवा एक बी मेली न्हाय."