अठरा गळके नळ

मूल्यांकन समिती अकराला येणार होती आणि पावणेदहाला रजिस्ट्रारबाईंच्या लक्षात आलं, की अख्ख्या कॉलेजात मोडकी अशी एकही वस्तू उरलेली नाही.

लक्षात आणून दिलं ते नळकामाच्या मास्तरांनी. ते धापा टाकत आले आणि दारातच ओरडले, "बाई, घात झाला! अठराच्या अठरा नळ गळायचे थांबले!"

"मग चांगलंच झालं की!" बाई खुशीत म्हणाल्या. शनिवार-रविवारी ठेकेदाराला बोलावून त्यांनी इमारतीतली झाडून सगळी नादुरुस्ती काढून टाकली होती. बाईंना टापटिपीचं वेडच होतं. टेबलावरची पेन्सिल तिरकी पडलेलीसुद्धा त्यांना खपत नसे.

"अहो, चांगलं कसलं? ते मुद्दाम गळके ठेवलेले! दोन वर्षं खपून एकेक नळ नासवलाय मी. एकाचा वायसर झिजवला, एकाचे आटे घालवले. आता माझी माणसं शिकणार कशावर?"

बाईंनी झटकन घड्याळ पाहिलं. हे कम्युनिटी कॉलेज. कुठल्याही वयाच्या माणसानं यावं आणि हाताला काम शिकून जावं, एवढ्याचसाठी ते उघडलेलं. समितीच्या फॉर्मवरचा सातवा प्रश्न तर बाईंना तोंडपाठ होता: 'विद्यार्थी प्रत्यक्ष काम करताना दिसले काय?' इथं 'नाही' पडलं की मान्यता गेली, आणि मान्यता गेली की इथल्या सर्टिफिकेटला कुणी विचारणार नाही.

"वायरिंगच्या वर्गातला तो बंद पंखा?"

"भिरभिर फिरतोय."

"आणि बिघडलेले मिक्सर?"

"सगळे चालू. मेला इतका प्रामाणिक ठेकेदार तुम्हाला आत्ताच कुठून सापडला?"

त्यात बाईंची सख्खी नणंद मास्तरांच्याच वर्गात होती. शेहेचाळिसाव्या वर्षी वन्संना आयुष्यातली पहिली नोकरी लागत होती, एका हॉस्पिटलात, पाइपलाइनच्या देखभालीची. पत्र येऊन महिना झाला होता. रोज जेवणं झाली की वन्सं ते मोठ्यानं वाचत आणि 'मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र सादर केल्यास' या ओळीपाशी येऊन घडी घालून ठेवत.

"मोडा!" बाई खुर्चीतून ताडकन उठल्या.

"काय मोडू?"

"काहीही मोडा हो! तासभर आहे अजून!"

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. ठेकेदाराचं काम असं पक्कं, की काही मोडता मोडेना. गेल्या आठवड्यापर्यंत डगमगणाऱ्या खुर्चीवर प्राचार्य तीनदा आदळून बसले. खुर्ची ढिम्म राहिली, प्राचार्यच कंबर धरून उठले. ग्रंथपालबाईंनी कॉलेजसाठी म्हणून स्वतःचा चष्मा देऊ केला. पण चष्मादुरुस्तीचा वर्ग नव्हता.

साडेदहाला बाई स्वतः वर्कशॉपमध्ये शिरल्या. मास्तर आणि वन्संसकट नऊ विद्यार्थी सरावाच्या नळांशी झटत होते. बाईंना कोपऱ्यात एक नळ दिसला. त्यांनी पदर खोचला, भला मोठा पाना लावला आणि सगळा जीव एकवटून हिसका दिला.

"बाई, तो नको!" मास्तर किंचाळले. "तो सरावाचा नाही, हात धुवायचा आहे! थेट टाकीवरून येतो!"

नळ बाईंच्या हातात आला. पाणी भिंतीतून सणसणत सुटलं आणि समोरच्या दारात जाऊन थडकलं. दारात समितीच्या अध्यक्षबाई उभ्या होत्या. अर्धा तास आधी आल्या होत्या बिचाऱ्या.

"वहिनी, बाजूला व्हा!" वन्सं गरजल्या. कॉलेजात 'मॅडम' म्हणायचं ठरलेलं त्या साफ विसरल्या. "मेन बंद करा कुणीतरी! टेप आणा! वायसर कुठे उडाला?"

एकानं बाहेर धूम ठोकली, दोघींनी पोती कोंबली, वन्सं चिंब भिजून भिंतीला भिडल्या. कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. बाई पाना छातीशी धरून बघतच राहिल्या. घरी भाजी निवडत बसणाऱ्या त्या याच वन्सं, हे त्यांना खरंच वाटेना.

"हा जोड उलटा का फिरवताय?" अध्यक्षबाईंनी तेवढ्यात विचारलं.

"सांगते, आधी पाय उचला. वायसर तुमच्या बुटाखाली आहे."

अध्यक्षबाईंनी निमूटपणे पाय उचलला. चार मिनिटांत पाणी थांबलं. चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "नळ निघाला कसा?"

मास्तर छताकडे पाहू लागले. "जुनाच होता तो," वन्सं पुटपुटल्या.

"नाही," बाई म्हणाल्या. "मी काढला." आणि त्यांनी ठेकेदारापासून प्राचार्यांच्या कंबरेपर्यंत सगळं सांगून टाकलं. अध्यक्षबाई कोरडे कागद मागून पुढच्या वर्गाकडे गेल्या.

पुढचे पंधरा दिवस पेन्सिल तिरकी पडली तरी बाईंनी सरळ केली नाही.

मग अहवाल आला. पूर्ण मान्यता! सातव्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, 'दिसले. चार मिनिटे.' त्या रात्री जेवणं झाल्यावर वन्संनी पत्र काढलं, ती ओळ ओलांडली आणि खालच्या सहीपर्यंत वाचत गेल्या. बाई ढसाढसा रडल्या.

अहवालात अट एकच होती: 'सर्व वर्गांत पुरेशा नादुरुस्त वस्तू कायम राखाव्यात. जबाबदारी रजिस्ट्रार यांची.'

बाईंनी त्याच दिवशी नवी वही घातली. लाल शाईनं रेघा मारल्या, नळांना क्रमांक दिले. महिन्याभरानं मास्तर सहज डोकावून म्हणाले, "बाई, सात नंबरचा नळ गळायचा थांबला बरं का."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली, सरळ केली आणि चष्म्यावरून मास्तरांकडे पाहिलं.

"हा काय गलथानपणा, मास्तर? आजच्या आज गळला पाहिजे!"