फोडणीचं हमस

एका जंगलात, जिथं नेटवर्क फक्त चिंचेच्या शेंड्यावर यायचं, कृष्णी नावाची सशीण राहायची. मुलांनो, मांडी नीट घाला. मी पुन्हा सांगणार नाही.

एकदा वाघीणबाई परदेशातल्या जंगलात फिरून आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "कृष्णे, शनिवारी तुझ्याकडं जेवायला येते. हमस कर. घरी केलेलं हवं हं!"

वाघीणबाईंची एक रीत होती. पदार्थ आवडला तर पदार्थ खायच्या. नाही आवडला तर करणारीला.

कृष्णी धावत शेजारच्या साळूमावशीकडं गेली. साळूमावशी म्हणजे साळिंदर. अंगभर काटे.

"मावशी, हमस म्हणजे काय गं?"

"थांब, चिंचेवरच्या माकडाला विचारते. हां, मोबाइलमध्ये बघून सांगतंय. काबुली चणे शिजवायचे, तीळ-लसूण-लिंबू घालून वाटायचे. एवढ्यासाठी परदेश!"

कृष्णीनं चणे भिजवले. पण हाताची सवय! उपसून फडक्यात बांधून ठेवले. झकास मोड आले. मोड कुणी टाकतं का? तसेच शिजवले. तीळ संपले होते, म्हणून संक्रांतीचा उरलेला तिळगूळ कुटून घातला. पाट्यावर वाटलं. फारच फिकट दिसलं, म्हणून हळद. आणि शेवटी मोहरी-हिंगाची चरचरीत फोडणी!

"अगं, त्यात फोडणी नसते!" माकड वरून किंचाळलं.

"पाहुण्यापुढं बिनफोडणीचं ठेवू? मला काही वळण आहे की नाही?"

शनिवारी वाघीणबाई आल्या. बोट बुडवलं. चाटलं. कृष्णीनं डोळे गच्च मिटले.

"अगदी तिकडच्यासारखं!" वाघीणबाई डोलू लागल्या. "हाच तो परदेशी वास!"

"अस्सल! अस्सल!" सगळं जंगल ओरडलं. हरणानं तर न चाखताच डोळे पुसले.

साळूमावशी मात्र खो-खो हसत सुटली. "अहो बाई, ही तर मोडाची उसळ वाटलीय! तिकडं हमस खाल्लंत तरी का? की बॅगेतलं मेतकूट-भातच?"

वाघीणबाईंच्या मिशा ताठ झाल्या. कारण खाल्लं होतं मेतकूट-भातच.

वाघीणबाईंनी डरकाळी फोडून साळूमावशीवर झेप घेतली. आणि नाकभर काटे घेऊन परत आल्या.

कृष्णीनं एका हातानं काटे उपटले, दुसऱ्या हातानं वाटी पुढं करत विचारलं, "अजून थोडं वाढू?"

"आई गं! वाढ. पण हमसच म्हणायचं त्याला!"

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. पण आधी अंगावर काटे उगवून घ्यावेत. तोवर 'अस्सल' म्हणावं आणि पुन्हा वाढून घ्यावं.