वसरीतली खाण

"गणपती उचलावा तर शंभूनेच!" असे मये गावात दुसरे कोणी म्हणत नसे, शंभू स्वतःच म्हणायचा. तो डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवी. खाणीच्या अगदी काठापर्यंत ट्रक मागे न्यायचा आणि बरोबर थांबवायचा. "फोंड दिसलो की म्हजो पांय आपशींच ब्रेकार!" फोंड म्हणजे खड्डा; हे तो येताजाता ऐकवी.

गोवा राज्य झाल्यानंतरची ती पहिली चवथ. पणजीला चित्रकला शिकणारी त्याची लेक सिद्धी म्हणाली, "बाबा, वसरेची जमीन हांव रंगयतां."

"रंगय गे! वाड्याचे दोळे फुटूंक जाय!" बापाने ऐटीत परवानगी दिली.

चवथीच्या सकाळी तो मूर्ती आणायला चित्रशाळेत गेला आणि इकडे सिद्धीने रंगवलेल्या जमिनीवरची ताडपत्री काढली.

शंभू परतला. हातात मातीचा गणपती, तोंडी जयजयकार. बायकोने, सुमंगलाने, त्याच्या पायांवर पाणी घातले, ओवाळले. उंबरठा ओलांडायला त्याने पाय उचलला आणि तो वरच राहिला!

वसरीत जमीनच नव्हती! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काळेपांढरे चौकोन, एकात एक, लहान होत होत खोल खोल उतरलेले. थेट खाण! आणि पलीकडच्या काठावर, फळापानांच्या माटोळीखाली, गणपतीचा चौरंग.

"अहो, चला! फोंड खंय आसा? रंग तो!" सुमंगला कुजबुजली.

"म्हाका खबर आसा गे! म्हज्या पायांक खबर ना!"

इतकी वर्षे ब्रेकवर तयार झालेला पाय तो, रंगबिंग कुठला ऐकतोय! एका पायावर तो डुलू लागला, त्याच्याबरोबर मूर्तीही डुलू लागली. चवथीच्या दिवशी गणपती हातातून पडला तर? या नुसत्या विचाराने त्याने मूर्ती छातीशी धरली.

धाकटा भाऊ कृष्णनाथ पुढे आला. "दादा, हांव घेतां."

"हात लावू नाका! घेता-दितानाच पडटलो!"

"मगीर चटई घालया?"

"खाणीर चटई? दिसता तो फोंड बरो, झांकिल्लो नाका!"

"यजमान, म्हाका आनीकय घरां आसात!" भटजी आतून ओरडले.

शेवटी सिद्धीने बापाचे कोपर धरले. "बाबा, दोळे धांपात. हांव फुडें आसां." शंभूने डोळे गच्च मिटले आणि देवाचे नाव घेत, गरम वाळूवरून चालल्यासारखा तो पलीकडे पोचला. गणपती चौरंगावर बसला!

शंभूने डोळे उघडले. खाण आता त्याच्या आणि पुढच्या दाराच्या मध्ये होती.

मग काय! जेवण मूर्तीशेजारी, झोप मूर्तीशेजारी. स्वयंपाकघराचे दार मागेच होते म्हणून निभावले, पण बाहेरची वाट वसरीतूनच. शेजाऱ्यांच्या आरतीलाही तो गेला नाही. बघायला येणारे हात जोडून म्हणू लागले, "काय ही भक्ती! देवापासून हालना!" शंभूही डोळे मिटून मान डोलवी. डोळे उघडायची सोयच नव्हती!

दीड दिवस सरला. विसर्जनाची वेळ झाली. अंगणात घुमटाचा ठेका सुरू झाला आणि सगळे एका सुरात ओरडले, "गणपती उचलावा तर शंभूनेच!"

पहिल्यांदाच हे दुसऱ्यांच्या तोंडून आले होते. शंभूने मूर्तीकडे पाहिले, खाणीकडे पाहिले आणि हळूच भटजींच्या कानाशी लागला.

"भटजी, औंदू गणपती अकरा दीस घरांत दवरल्यार चलता?"