पिचरच्या विश्रांतीला काय चालते

विश्रांती ही श्रमापेक्षा गंभीर बाब असल्यामुळे ती ज्याला घ्यायची त्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. श्रम कोणीही करू शकतो. विश्रांतीला समिती लागते. कलकत्त्यातल्या बालीगंजच्या मराठी बेसबॉल संघाला हे सत्य उमगायला सहा-सात वर्षे लागली, आणि तेवढा काळ दत्तात्रय गद्रे याचा उजवा हात हा त्या सत्याचा एकमेव आधारग्रंथ होता.

दुसरे महायुद्ध आटोपून अमेरिकन शिपाई मायदेशी गेले तेव्हा कलकत्त्यात मागे राहिलेल्या वस्तूंत दांडकी, कातडी हातमोजे आणि पोतंभर चेंडू होते. मराठी मंडळींनी ते पदरात घेतले. कारण फुटबॉलमध्ये बंगाल्यांना हरवणे अशक्य होते आणि बेसबॉलमध्येही ते अशक्य असल्याचे अद्याप सिद्ध व्हायचे होते. या खेळात नऊ जण मैदानात उभे राहतात. त्यांतले आठ बहुतेक वेळ वाट पाहतात आणि नववा, ज्याला पिचर म्हणतात, सारा वेळ चेंडू फेकतो. (आपल्या सार्वजनिक संस्थांच्या रचनेशी असलेल्या या साम्यामुळे हा खेळ कोणालाच परका वाटला नाही.) हा नववा म्हणजे दत्तात्रय. नकाशांच्या सरकारी कचेरीत तो हंगामी आरेखक होता. ज्या हाताने तो टाकाने नद्यांचे केसासारखे बारीक काठ ओढी, त्याच हाताने सुट्टीच्या दिवशी चेंडू फेकी.

विश्रांतीच्या इतिहासाचे तीन कालखंड पडतात. पहिल्यात ती नव्हती. हात खांद्यापासून लोंबतो आणि लोंबणे हीच विश्रांती, असे तत्कालीन मत होते. दुसरा कालखंड दत्तात्रयाचे कोपर सुजल्यावर सुरू झाला: शनिवारी फेकल्यास रविवारी सुट्टी, सामना महत्त्वाचा नसेल तर. (त्या काळात बिनमहत्त्वाचा सामना एकही झाला नाही.) तिसरा, म्हणजे सुवर्णकाळ, शरच्चंद्रराव आजरेकरांच्या बदलीबरोबर अवतरला. दिल्लीहून आलेले हे हिशेबखात्याचे अधिकारी आल्या वर्षीच संघाचे अध्यक्ष झाले. शिपायांनी टाकून दिलेल्या मासिकांतून त्यांनी शोध लावला की अमेरिकेतले पिचर पूर्वी जवळजवळ रोज फेकत, पुढे मध्ये एखाद-दोन दिवस जाऊ लागले आणि आता तर तीन-चार दिवसांची विश्रांती देतात. त्यासाठी तिथे चार-चार पिचर पाळीपाळीने फेकतात, हेही त्याच पानावर होते. पण विश्रांती एकालाच हवी असताना बाकीचे तिघे कशाला, हा त्यांचा सवाल सभेत कोणालाच खोडता आला नाही. विश्रांती उपसमिती नेमली गेली. तीत दत्तात्रय नव्हता. (दुखण्याचा अनुभव असलेला माणूस निःपक्षपाती राहू शकत नाही.)

विश्रांती चार दिवसांची ठरली. पण त्या दिवसांत हाताने काय करावे, हे मासिकात नव्हते. अध्यक्षांच्या पत्नी शारदाकाकू या साऱ्या बालीगंजात उपवासाच्या बाबतीत शेवटचा शब्द मानल्या जात. त्यांनी हा प्रश्न पोह्यांच्या बश्या मांडता मांडता सोडवला.

"उपवास म्हणजे का उपाशी राहणं? भात चालत नाही, वरई चालते. पोळी चालत नाही, साबुदाणा चालतो. तसंच हे."

उपसमितीने या तत्त्वाचा शास्त्रशुद्ध विस्तार केला. पुरा जोर लावून फेकणे हे धान्य. ते विश्रांतीत वर्ज्य. निम्म्या जोराने फेकणे हा फराळ. सबब दांडकेवाल्यांच्या सरावासाठी निम्म्या जोराने कितीही चेंडू फेकलेले चालतील. मुलांना शिकवण्यासाठी फेकलेले चालतील, ते तर दूधच. सामानाचे पोते अध्यक्षांच्या घरून मैदानावर नेणे चालेल, कारण त्यात काहीच फेकले जात नाही. पाडव्याच्या सामुदायिक श्रीखंडासाठी चक्का फडक्यावर घासणेही चालेल. आणि तेही उजव्याच हाताने, कारण नैवेद्याला डावा हात कसा लावणार? परिणाम असा, की दोन वर्षांत विश्रांती एका दिवसावरून चार दिवसांवर गेली आणि फेकलेले चेंडू दुप्पट झाले. त्यांतले बहुसंख्य विश्रांतीत फेकलेले होते. प्रगती मोजण्याचे याहून विश्वसनीय साधन अर्थशास्त्रालाही अद्याप सापडलेले नाही.

अशा एका विश्रांतीनंतर घरी आलेल्या दत्तात्रयाला सदरा डोक्यावरून निघेना. त्याची बायको मीनाक्षी बाही ओढता ओढता म्हणाली, "अहो, विश्रांतीने एवढे दमलात, मग खेळून आल्यावर तुम्हाला उचलूनच आणायचं का?"

तो हसला, पण त्या हिवाळ्यात हसण्यासारखे फारसे काही नव्हते. बागबाजारच्या बंगाली संघाशी अंतिम सामना रविवारी होता आणि सोमवारी कचेरीत हंगामी आरेखकांची परीक्षा होती. एका नदीचा नकाशा टाकाने काढायचा. हात स्थिर असेल तो कायम, नसेल तो घरी. शुक्रवारी, विश्रांतीच्या तिसऱ्या दिवशी, दत्तात्रयाने सरावासाठी एक सरळ रेघ ओढली. तिला लाटा आल्या. तो तडक अध्यक्षांकडे गेला.

"साहेब, या रविवारी मला सोडा. सोमवारी परीक्षा आहे."

"सोमवारी ना?" शरच्चंद्रराव प्रसन्न झाले. "मग रविवार मोकळाच आहे की! गद्रे, अहो चार दिवस दिलेत तुम्हाला. मला आजवर इतकी रजा एकदम मिळालेली नाही."

"रजा नाही हो साहेब, हात उचलत नाही."

"पारणं न केलेला उपवास बाधतो हो, दत्तू," शारदाकाकू आतून म्हणाल्या. "लाडू घे. आणि जाताना तेवढं पोतं मैदानावर टाकून जा."

मराठ्यांच्या धास्तीने ज्या शहराने दोनशे वर्षांपूर्वी बागबाजारापासून खंदक खणायला घेतला, त्या शहराला रविवारी अखेर मराठे पाहायला मिळाले. "ओ बर्गी-दा, हात गेला की काय?" बागबाजारचे प्रेक्षक मोठ्या मायेने विचारत होते. (बर्गी म्हणजे त्या काळी बंगाल लुटायला आलेले मराठे स्वार.) शेवटच्या डावात आपला संघ एका धावेने पुढे होता. बागबाजारचे दोन गडी बाद झाले होते (तिसरा बाद झाला की डाव संपतो), दोन धावपटू वाटेत उभे होते आणि एकच चेंडू निर्णायक ठरणार होता. दत्तात्रयाने मागे वळून अध्यक्षांकडे पाहिले. मांडवातली सगळी मराठी मंडळी, बायकामुलांसकट, उभी राहून ओरडत होती, "एकच! दत्तू, आता एकच!" मीनाक्षी तेवढी बसून होती. त्याने हात मागे नेला आणि पुरा जोर लावून चेंडू सोडला. खांद्यात ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. मांडवातल्या गर्जनेत तो त्याच्याशिवाय कोणाला ऐकू आला नाही.

सोमवारी त्याने काढलेल्या नदीला असे काही फाटे फुटले, की परीक्षकांनी शेरा दिला: सदर जिल्ह्यात इतक्या उपनद्या नाहीत. त्याच आठवड्यात कचेरीने त्याला मोकळे केले. उपसमितीने तातडीची सभा भरवून त्याला 'पूर्ण व अमर्याद विश्रांती' एकमताने मंजूर केली. विश्रांतीच्या विकासाची याहून वरची पायरी अमेरिकेलाही गाठता आलेली नाही. मंडळी त्याला भेटायला घरी गेली, तेव्हा मीनाक्षी त्याच्या ताटातला भात कालवून घास करत होती. मंडळी तासभर बसली आणि तासभर फक्त त्या शेवटच्या चेंडूबद्दल बोलली. हाताचे कोणीच विचारले नाही. एखाद्याच्या विश्रांतीत असा व्यत्यय आणणे सभ्यपणाला शोभत नाही.

उपसमितीत सध्या एक जागा रिकामी आहे. ज्या वाचकाला मघापासून सामना कोणी जिंकला हा एकच प्रश्न सतावतो आहे, त्याने अर्ज करण्याचीही गरज नाही. त्याची निवड झालेली आहे.